तिच्या बॅटरीमागून माझी बॅटरी

आयसीयूत वीस वर्षं काढलेल्या बाईकडे किस्से किती असतील, असं कोणी विचारलं की मी सांगते, धुवायला टाकलेल्या चादरींएवढे! रोज गठ्ठा जातो, रोज नवा जमतो. बाकीच्या सिस्टर चहाला बसल्या की पेशंटचे किस्से सांगतात. माझ्या प्रत्येक किश्शात मात्र कुठून तरी जागृती येतेच. कारण साधं आहे. मी तिच्यावर जळते. अख्ख्या हॉस्पिटलला माहीत आहे, तेव्हा तुम्हालाही माहीत असू दे.

मी संगीता, रोह्याची, म्हणजे पुलापलीकडच्या अष्टमीची. जागृती पेणची, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. दोघी पेणच्या एका हॉस्पिटलात, एकाच आयसीयूत. सीनियर मी. आणि मशीन तिच्याकडे!

*

मशीन म्हणजे एक्मो. फुप्फुसं इतकी बिघडली की व्हेंटिलेटरलाही दाद देईनात, तर मांडीतल्या जाड नळीतून रक्त बाहेर काढायचं, मशीनमध्ये त्यात ऑक्सिजन भरायचा आणि मानेतल्या नळीतून परत आत सोडायचं. फुप्फुसांना तेवढीच रजा. हे मशीन आलं तेव्हा आमच्या आयसीयूच्या मुख्य डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, एका सिस्टरला मुंबईला ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं. नाव माझंच होतं. आतली पक्की खबर होती.

सर वॉर्डात आले आणि म्हणाले, "संगीता सिस्टर कुठायत?"

त्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी होती. पालखीच्या दिवशी रोहेकर कामावर गेला तर त्याला घरात घेणार नाहीत! मी दारात रांगोळी काढून पालखीची वाट बघत उभी. फोन आत, चार्जिंगला. सरांनी तीनदा फोन लावला आणि मग समोर जी होती तिलाच विचारलं, "तू जाशील का?"

समोर जागृती होती. ती म्हणाली, "जाईन की, सर! आमचा पेणवाल्यांचा गणपती कधीच होऊन गेला. मी मोकळी!"

देवाने त्या दिवशी माझ्या दारात थांबून नारळ घेतला आणि ट्रेनिंग दुसरीला दिलं.

*

या मशीनची एक मोठी भीती आहे. रक्त नळ्यांमधून फिरताना गोठू नये म्हणून ते औषधाने पातळ ठेवावं लागतं. आणि पातळ ठेवलं की कुठेही वाहू शकतं. नाकातून आलं तर दिसतं. डोक्यात झालं तर? पेशंट झोपेच्या औषधावर असतो, "डोकं दुखतंय" असं तो म्हणणार नाही. म्हणून दर तासाला डोळ्यांत बॅटरी मारून बघायचं. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत ना, उजेडाने आकसतात ना. एक मोठी झाली की धावायचं.

हे नातेवाइकांना समजावणं ही एक कलाच. वडखळकडचा एक म्हातारा, खाडीकाठचा शेतकरी, मुलगा मशीनवर. मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं. प्लेटलेट्स सांगितल्या, क्लॉटिंग सांगितलं, कागदावर चित्रसुद्धा काढलं. म्हातारा म्हणाला, "व्हय." आणि परत विचारलं, "पन पोराला झालंय काय?"

तेवढ्यात जागृती आली. म्हणाली, "बाबा, तुमच्या खारीच्या बांधाला बारीक भोक पडलं तर भरतीचं पाणी काय करतंय?"

"खांड पाडतंय! आख्खा बांध घेऊन जातंय."

"हां. रक्त आता पाण्यासारखं पातळ केलंय. डोक्यात भोक पडू नाय म्हणून आम्ही दर तासाला बांधावर फेरी मारतो."

म्हाताऱ्याने हात जोडले. "आता समाजलं, बाय. फेरी चुकवू नका."

ही पेणच्या बाजारपेठेत वाढलेली मुलगी! हिने जन्मात बांधावर पाय ठेवलेला नाही. आमच्या घरची तीन पिढ्यांची खारजमीन, खांडी बुजवून माझ्या वडिलांची पाठ वाकली, आणि हे बोलणं सुचलं कोणाला? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

*

निडी गावचा एक पेशंट होता. त्याची आई भेटायला येणार म्हणून त्याच्या भावाने भेटीच्या वेळेत चुलतभावाला आत आणला. चुलतभाऊ न्हावी! "आईनं ह्याला असा दाढी वाढलेला बघितला तर ती हाय खाईल," म्हणत त्याने पिशवीतून वस्तरा काढला. रक्त पातळ केलेल्या माणसाच्या गळ्यापाशी, मानेतल्या नळीपासून चार बोटांवर, वस्तरा!

मी किंचाळले. इतकी किंचाळले की शेजारच्या बेडवरच्या आजोबांचा बीपी वाढला. न्हाव्याने बिचाऱ्याने वस्तरा पाठीमागे लपवला.

जागृतीने शांतपणे विचारलं, "दादा, बॅटरीवालं मशीन हाय का? दातेवालं?"

"हाय."

"मग ते काढा. मी धरते नळी. मानेकडं नाय जायचं."

दहा मिनिटांत पेशंट नवरदेवासारखा! आई आली, मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि शांत बसली. निडीत अजून सांगतात म्हणे, जागृती सिस्टर म्हणजे देवमाणूस, आणि दुसरी एक आहे ती नुसती वरडते.

*

तेव्हापासून मी एक गोष्ट सुरू केली. जागृती दर तासाला पेशंटचे डोळे बघून चार्टवर लिहायची. ती जेवायला, औषध आणायला किंवा फोनला गेली की मी माझी बॅटरी काढून परत बघायचे. माझा पेशंट नसताना. काळजी बिळजी काही नाही. खरं सांगते, तिची एक तरी चूक सापडावी, एवढीच इच्छा.

आणि एकदा सापडली! मी साप्ताहिक सुट्टीहून आले, बॅटरी मारली आणि उडालेच. डावी बाहुली हलत नाही! उजेड मारा, काढा, मारा. ढिम्म! चार्टवर मात्र जागृतीच्या अक्षरात बेधडक "ठीक".

मी सगळ्यांना ओरडून जमवलं. मशीनसकट पेशंटला सीटी स्कॅनला न्यायचं म्हणजे वरात असते. सहा माणसं, ऑक्सिजन, नळ्या, लिफ्ट. निम्मी वरात दारापर्यंत पोचली, तेवढ्यात सर आले. त्यांनी वाकून बघितलं.

"सिस्टर, हा डोळा काचेचा आहे."

लहानपणी भात झोडताना काडी लागून डोळा गेलेला. फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, लाल पेनने, खाली रेघ मारून. ते पान मी वाचलं नव्हतं, कारण अक्षर जागृतीचं होतं!

त्यानंतर महिनाभर मी कोणाला काही सांगायला गेले की वॉर्डबॉय विचारायचा, "सिस्टर, खरा डोळा की काचेचा?"

*

हा पुढचा किस्सा मी चहाला सांगत नाही.

प्रकाश नावाचा पेशंट, चौतिशीचा, आमच्या अष्टमीपासून दोन मैलांवरच्या गावातला. भाताच्या लावणीत पायाच्या जखमेतून लेप्टोचा ताप शिरला आणि फुप्फुसं रक्ताने भरली. सहावा दिवस मशीनवर. बायको सविता, काचेबाहेर बाकावर बसलेली. ती जेवायलासुद्धा उठायची नाही. रोज मला विचारायची, "बाय, आज डोळं सारखं हायत ना?" तिला तेवढंच समजलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

दुपारी चारला जागृतीने चार्टवर लिहिलं, दोन्ही सारखे. चार वीसला ती ब्लड बँकेला फोन करायला गेली आणि मी माझी बॅटरी काढली.

उजवी बाहुली जरा मोठी वाटली. जराशीच. उजेड मारला की आकसत होती, पण आळसावल्यासारखी. मी परत बघितलं. परत बघितलं. फाइलचं पहिलं पान वाचलं. दोन्ही डोळे खरे होते.

आता लाज वाटते, पण सांगते. मला पहिल्यांदा आनंद झाला. सापडली! बॅटरी खिशात ठेवेपर्यंत टिकला तो आनंद. मग भीती वाटली, तीही प्रकाशच्या जिवाची नाही, परत हसं होण्याची. सहा माणसांची वरात, आणि सर म्हणणार, "काहीच नाही." वाटलं, पाचची फेरी आहेच की. तेव्हा जागृती बघेल, तिचं तिला दिसेल.

मान वर केली तर काचेपलीकडे सविता उभी राहिली होती. तिने भुवया उडवून विचारलं, सारखं हायत ना?

मी मान हलवू शकले नाही. सरळ जागृतीकडे गेले. म्हटलं, "हसायचं असेल तर नंतर हस. आधी उजवा डोळा बघ."

ती हसली नाही. तिने बघितलं. तिचा चेहरा उतरला. "ताई, चारला सारखे होते, आईशप्पथ," एवढंच म्हणाली आणि सरांना फोन लावला.

रक्त पातळ करायचं औषध बंद झालं. वरात निघाली. सीटीत डोक्यात रक्त दिसलं, लहानसं, पसरायच्या आधीचं. पुढचे तीन दिवस औषधाशिवाय मशीन चालवलं. आता भीती उलटी, नळीत गुठळी होण्याची. आम्ही डोळेही बघत होतो आणि नळ्याही. सर म्हणाले, "अशा वेळी दहातले फार थोडे परत येतात. नशीब आहे याचं."

प्रकाश परत आला. डाव्या हाताची बोटं अजून जड आहेत त्याची, पण या वर्षी लावणीला बांधावर बसून सगळ्यांना शिव्या देत होता म्हणे.

घरी जाताना सविताने वालाची पिशवी आणली आणि जागृतीच्या हातात ठेवली. "बाय, तुमच्यामुळं माजा मानूस घरी चाललाय."

जागृती म्हणाली, "अगो, मी नाय. या ताईंनी बघितलं पहिलं."

सविताने माझ्याकडे बघितलं, हसली आणि म्हणाली, "व्हय, ताई चांगल्याच हायत. पन मशीन तुमची ना!"

माझ्या गावाजवळची बाई! वाल आमच्या मातीतले! गेले पेणला.

*

परवाची गोष्ट. दुसरं मशीन आलंय. मी चादरींच्या कपाटामागे गठ्ठा मोजत होते. पलीकडे सर आणि जागृती बोलत होते, मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

सर म्हणाले, "मशीनवर तुझ्या जोडीला आता कायमची एक सिस्टर देतोय. नाव तू सांग. तुझ्या बॅचची कोणी हवी का?"

"संगीताताई द्या."

"संगीता?" सरांचा आवाज खाली आला. "अगं, तिचं आणि तुझं... सगळ्यांना माहिती आहे."

"म्हणूनच, सर. दोन वर्षं झाली, मी डोळे बघून गेले की त्या मागून येऊन परत बघतात. माझी चूक सापडावी म्हणून. प्रेमानं इतकं कोण बघणार नाय."

सर म्हणाले, "आणि तुला राग नाही येत?"

"येतो की!" जागृती म्हणाली. "म्हणून तर मी मेली दर वेळी दोनदा बघते."