यादीत नसलेली भिंत

रशीद पेंटरला आयुष्यात दोनदा नाव मिळालं. पहिलं त्याच्या हातानं मिळवलं आणि फ्लेक्सच्या मशिननं ते वर्षभरात गिळलं. दुसरं पुरानं दिलं. पुरानं दिलेली वस्तू माणसानं जरा जपूनच घ्यावी. पण हे त्याला सांगणार कोण, आणि त्या दिवसांत तो ऐकणार तरी कुणाचं!

एक काळ असा होता की शुक्रवार पेठेपासून दसरा चौकापर्यंत दुकानांच्या निम्म्या पाट्या रशीदच्या हातच्या होत्या. टेम्पोच्या पाठीवरचा वाघ, तालमीच्या भिंतीवरचा पैलवान, दूध संस्थेच्या फाटकावरची म्हैस, सगळं तोच काढायचा. अक्षर असं की वळणावर ब्रश फिरला तरी कुठं जोड दिसायचा नाही. मग फ्लेक्स आला. सकाळी फोटो दिला की दुपारी वीस फुटी वाढदिवस चौकात उभा. रशीदच्या वाट्याला राहिले पाण्याच्या टाक्यांवरचे नंबर आणि 'येथे गाडी लावू नये'. चाळीस वर्षं अक्षराला जीव लावलेल्या माणसानं 'येथे गाडी लावू नये' लिहीत म्हातारं व्हायचं, याचा त्याला मनापासून संताप यायचा.

दोन हजार एकोणीसचा पूर ओसरला तेव्हा कुंभार गल्लीतल्या एका माणसानं त्याला हाक मारली. "पेंटर, पाणी कुठवर आलंतं तितं एक रेघ मारा, आन् खाली तारीख टाका. पोराबाळांस्नी कळू दे." रशीदनं निळ्या ऑइलपेंटनं रेघ ओढली, खाली झोकदार अक्षरात तारीख घातली. शेजाऱ्यानं बघितलं आणि त्यालाही पाहिजे झाली. पंधरा दिवसांत रशीदनं अडीचशे भिंतींवर पाणी लिहिलं. कुठं गुडघ्याला, कुठं छातीला, कुठं दाराच्या चौकटीच्याही वर. प्रत्येक रेघेशेजारी स्वतः उभा राहून तो फोटो काढून घ्यायचा. त्याची मुलगी आयेशा तेव्हा बारावीत होती. तिनं ते सगळे फोटो गल्लीवार लावून एक ब्लॉग काढला आणि नाव दिलं, 'पाणी कुठवर?' एकवीस साली परत पूर आला आणि ब्लॉगवर आणखी शे-दीडशे भिंतींची भर पडली.

आता ब्लॉग काढणं सोपं, तो लोकांनी वाचणं अवघड. आयेशाच्या कॉलेजात पुण्याहून कुणी बाई आल्या होत्या. लिहिलेलं चार लोकांत कसं न्यावं, ओळखी कशा वाढवाव्यात, हे त्यांनी अर्धा दिवस सांगितलं. आयेशानं वहीभर उतरवून आणलं आणि बापाला कामाला लावलं. गावात एकजण गडकोटांवर लिहायचा, एकजण कळंब्याच्या तलावावरच्या पाखरांवर. त्यांच्या ब्लॉगवर जाऊन बापलेक मनापासून प्रतिक्रिया लिहू लागले. गडवाल्याला रशीदनं नदीच्या घाटावरच्या पुराच्या जुन्या दगडी खुणांवर लेख दिला. त्यानं आपल्या वाचकांना रशीदच्या ब्लॉगची वाट दाखवली. आणि कार्डं! ती रशीदनं छापून घेतली नाहीत. एकेक कार्ड हातानं रंगवलं. ती कुठं वाटायची हे मात्र त्यानं आपल्या डोक्यानं ठरवलं. घरांचे दस्त नोंदवतात त्या कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर, भाड्यानं खोल्या मिळवून देणाऱ्या एजंटांकडं, दवाखान्यातल्या बदलून आलेल्या नर्सांकडं. घर शोधणारा माणूस जिथं जिथं थांबतो तिथं रशीदचं कार्ड आधीच पोचलेलं असायचं. पुण्याच्या बाईंनाही हे सुचलं नसतं.

वर्षभरात गावाला सवय लागली. खोली बघायला जाण्याआधी लोक मोबाईल काढायचे, "पेंटरच्या यादीत हाय का बघ." एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याच्यावर लेख आला. मथळा होता, 'जिथं रशीदची रेघ नाही, तिथं पाणी नाही'. रशीदला हे वाक्य इतकं आवडलं की त्यानं ते ब्लॉगच्या माथ्यावर चढवलं आणि कार्डावरही घेतलं.

आयेशा म्हणाली, "अब्बा, हे जरा जास्त हुतंय. एखादी भिंत आपल्याकडनं सुटली असली तर?"

"सुटली न्हाय," रशीद म्हणाला. "एक सुद्धा सुटलेली न्हाय."

आणि ते खरं होतं. त्या दिवशी तरी खरं होतं.

नाव झालं तसे सत्कार सुरू झाले. एका हॉलवर ब्लॉगवाल्यांचा मेळावा भरला आणि त्याचा सगळा खर्च विजयसिंहांनी उचलला. विजयसिंह म्हणजे नदीकडच्या बाजूला प्लॉट पाडून बंगल्या बांधणारा बडा माणूस. अंगानं आडवा, बोलायला गोड, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं रशीदच्या डोक्यावर फेटा चढवला. जेवताना शेजारी बसवून घेतलं. डॉक्टर, वकील, कॉलेजचे प्राचार्य, सगळ्यांशी ओळख करून दिली. "ह्यो आमचा रशीद. पाण्याचा हिशेब ह्याच्याकडं असतोय." लोक हसले, रशीदही हसला. आयुष्यभर शिडीवर उभं राहून ज्यांच्या पाट्या रंगवल्या, ती माणसं आज त्याच्या पंगतीला होती. त्याला ते किती गोड लागलं असेल हे ज्याला कधी कुणी मान दिला नाही त्यालाच कळेल.

आठवड्यानं विजयसिंहांचा निरोप आला. "पेंटर, अमृतवेल कॉलनीच्या तोंडाला नाव घालायचं हाय. फ्लेक्स लावणार न्हाय मी. तुमच्या हातचं अक्षर पायजे. वीस फूट."

वीस फूट! रशीदचे हात शिवशिवले. ब्रश घेऊन तो गेला आणि जागा बघून थबकला. कॉलनीच्या तोंडाशी शेताला पाणी उपसणाऱ्या जुन्या मोटारीच्या खोलीची लांबलचक भिंत होती आणि त्या भिंतीवर, त्याच्या खांद्याच्या वर, त्याचीच निळी रेघ होती. एकोणीस सालची. तेव्हा इथं नुसतं रान होतं. मागच्या नाल्यातून नदीचा फुगवटा चढला होता आणि खोली बुडता बुडता राहिली होती.

विजयसिंह गाडीला टेकून उभे होते. रेघेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले एवढंच, "आधी पांढरा हात मारून घ्या की, म्हंजे अक्षर उठून दिसंल."

रशीदनं पांढरा हात मारला. एक मारला, तरी रेघ दिसत राहिली. मग दुसरा मारला. वरून त्यानं जे नाव काढलं, ते त्याच्या साऱ्या उमेदीतलं सगळ्यात देखणं काम झालं, याबद्दल दुमत नाही.

निघताना विजयसिंहांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता तसली भिंतच ऱ्हायली न्हाय. मग ब्लॉगवर तिचा फोटू कशाला? लोकांचा उगंच गैरसमज. आन् आपली ओळख आता झालीच हाय पेंटर. ओळखी टिकवाय लागत्यात." हात खांद्यावर जरा जास्तच वेळ राहिला.

घरी येऊन रशीदनं आयेशाला सांगितलं, एक पान काढायचंय. ती बापाकडं बघत राहिली.

"अब्बा, भिंतीवरची रेघ तुमी पुसलासा. पाणी कुणी पुसलं?"

"भराव टाकलाय त्यांनी. चांगला उंच भराव हाय."

"किती उंच?"

रशीदला माहीत नव्हतं. भराव कमरेइतका होता आणि रेघ खांद्याच्या वर होती, ही वजाबाकी त्याला करायची नव्हती म्हणून त्यानं केली नाही. आयेशानं पान काढलं नाही. तेव्हा चष्मा लावून, एकेक बटण शोधत, त्यानंच ते काढलं.

दोन-तीन महिन्यांनी एक अनोळखी माणूस पेढ्याचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. बाळासो त्याचं नाव. गाव कागलकडचं, शिरोलीला फाउंड्रीत कामाला.

"पावणं, वळख न्हाय," रशीद म्हणाला.

"तुमी न्हाय वळखणार. आमी तुमास्नी वळखतो की!" बाळासो खूष होता. "तुमच्यामुळं घर घेतलं, पेंटर. आई अंथरुणाला खिळलीया, चार वरसं झाली. जिना चढवाय येत न्हाय, म्हणून तळमजला पायजे हुता. तीन जागा बघितल्या. दोन तुमच्या यादीत निघाल्या, सोडून दिल्या. तिसरी न्हवती. विजयसिंहांच्या हापिसात तर तुमचं कार्डच टेबलावर ठेवल्यालं. म्हटलं, झालं, बिनघोर!"

"कुठली जागा?" रशीदनं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं.

"अमृतवेल. अगदी कडंचं घर, नाल्याच्या अंगाचं. हवा झ्याक येती."

आत आयेशा चहा ठेवत होती. भांड्याचा आवाज थांबला. रशीदनं पेढा हातात घेतला. आत्ता बोलावं, असं त्याच्या मनात आलं, खरोखर आलं. पण समोरचा माणूस इतका कौतुकानं बघत होता, आणि दस्त होऊन गेला होता, आणि पूर काय दरसाल येतोय थोडाच! त्यानं पेढा खाल्ला. बाळासो गेल्यावर आयेशा बाहेर आलीच नाही. त्या दिवसापासून ब्लॉगवर ती एक शब्द लिहीनाशी झाली.

मग जुलै आला. राधानगरीच्या बाजूला पाऊस ठाण मांडून बसला. गावात सकाळ उजाडली की एकच प्रश्न, बंधाऱ्यावर पाणी किती फूट. एकोणचाळीसला लोक सावध झाले, त्रेचाळीसला धोक्याची पातळी गाठली. रशीद घरात येरझाऱ्या घालायचा, खिडकीतून बघायचा, परत बसायचा. दोनदा तो कॉलनीकडं जायला निघाला आणि दोन्ही वेळा शिवाजी पुलापासून परत आला. तिथं जाऊन काय बोलणार होता?

चौथ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. बाळासो होता.

"पेंटर, मी फाउंड्रीत हाय. बायकू पोरास्नी घिऊन माहेरी गेलीया. आई एकटीच हाय, शेजारीण मधनंअधनं बघती. तिचा फोन आलता, भोंग्याची गाडी फिराय लागलीया, बाहेर पडा म्हणत्यात. मी आईला सांगितलं, पेंटरच्या यादीत आपलं घर न्हाय, गप पडून ऱ्हा. बराबर हाय न्हवं?"

रशीद फोन कानाला धरूनच दाराकडं वळला.

"पेंटर? बराबर हाय न्हवं?"

"मी जातो," रशीद म्हणाला. "आईला काढतो तितनं."

"काढतो? का? यादीत न्हाय न्हवं?"

"बाळासो, हुतं. यादीत हुतं. मी काढलं."

पलीकडं भट्टीचा आवाज येत राहिला. बाळासोनं शिवी दिली असती तर रशीदला सोसली असती. पण तो अगदी हळू, लहान पोरासारखा बोलला. "पेंटर, आई आत हाय."

रशीद धावत सुटला. आयेशानं मागून त्याची चप्पल उचलून आणेपर्यंत तो गल्लीच्या बाहेर गेला होता. रिक्षावाल्यानं वळणावरच सोडलं, पुढं यायला तयार नव्हता. कॉलनीच्या तोंडाशी रस्ता अजून कोरडा होता. लोक पुढं उभे राहून नदीकडं बघत होते आणि पाणी त्यांच्या पाठीमागून, नाल्यातून येत होतं. कडेच्या घराच्या अंगणात ते पोटरीला लागलं. शेजारीण पोरांना घेऊन गच्चीवर गेली होती. रशीदनं तिच्या नवऱ्याला आणि आणखी एकाला हाका मारून खाली आणलं.

आत न्हाणीच्या मोरीतून पाणी उकळ्या मारत वर येत होतं आणि खोलीत घोटाभर साचलं होतं. बाळासोची आई बयाबाई खाटेवर पडून छताकडं बघत होती. हाताची हाडं नुसती, पण खाटेची दांडी तिनं गच्च धरली होती.

"म्हातारे, चल," रशीद म्हणाला. "उचलतो तुला. भिऊ नगंस."

"कुठं?"

"उंचावर. पाणी चढाय लागलंय."

"चढंना का, उतरंल," ती म्हणाली. "न्हाणीचं पाणी हाय ते. माझ्या ल्योकानं सांगितलंय, हितं पूर येत न्हाय. त्यो पेंटर हाय न्हवं गावातला, त्याच्या यादीत आमचं घर न्हाय. तू कोण रं बाबा? घरातलं सामान न्याय आलाईस व्हय?"

शेजाऱ्यानं रशीदकडं बघितलं. पाणी खाटेच्या पायाला वेढा घालत होतं. रशीद खाटेशी वाकला.

"आई, त्यो पेंटर मीच हाय. मी लबाड बोललो. हितं पाणी येतंय, माझ्या खांद्याच्या वर येतंय. हात सोड."

बयाबाईनं मान वळवून त्याला नीट न्याहाळलं, भिजलेल्या केसांपासून पाण्यातल्या पायांपर्यंत. मग दांडी आणखी घट्ट धरून तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"जा तिकडं," ती म्हणाली. "त्यो पेंटर लबाड बोलत न्हाय."