कल्हई केलेली काठी

विरुपाक्ष आज साहेबाच्या कुठल्या बाजूला उभा राहील, हा एकच विचार सकाळपासून शिवगंगेच्या डोक्यातून हलत नव्हता. ज्वारी निवडायला घेतली तर खडे सुपात तसेच राहिले. आडावर गेली तर कळशी भरून वाहू लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. बावीस वर्षांचा मुलगा. मैदानावर जातो, साहेबाच्या गोल्फच्या काठ्या सांभाळतो, दिवेलागणीला घरी येतो. यात आईनं काळजी करण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हटलं असतं. पण आज अर्धी भाकरी ताटात टाकून उठताना तो जे बोलून गेला होता, ते तिच्या कानांतून जात नव्हतं.

धाराशिवच्या पेठेत तिच्या नवऱ्याचं, महालिंगप्पांचं, भांड्यांचं दुकान होतं. विरुपाक्ष वाढला तो घंगाळांच्या, परातींच्या पसाऱ्यात. लहानपणी तुळजापूरला एका लग्नात तो ताक प्यायला आणि मरता मरता वाचला. पितळी पातेल्याची कल्हई उडालेली, त्यात ताक कळकलेलं. आणखीही दोघं-तिघं आजारी पडले होते, पण ते बरे झाले आणि विसरून गेले. विरुपाक्ष विसरला नाही. तेव्हापासून कुठंही पाणी पुढं आलं की आधी तो भांड्यात डोकावायचा. पांढऱ्याखालून जरासं पिवळं किंवा तांबूस दिसलं की भांडं खाली ठेवायचा, मग समोर मामा असो नाहीतर मठातले स्वामी.

शिवगंगा माहेरी सोलापूरची. लग्नाआधी पुण्याला कॉलेजात शिकलेली. मुलानं पदवी घ्यावी म्हणून तिनं नवऱ्याशी भांडून त्याला हैदराबादला धाडलं, तर वर्षाच्या आतच तो वळकटी घेऊन परत आला. वसतिगृहातली ताटं बघवत नाहीत म्हणाला. मग लग्नाचं बघायला कळंबला नेलं. मुलगी नाकीडोळी छान, घर तालेवार. यानं पाण्याचा पेला सगळ्यांसमोर पालथा करून बुड बघितलं. मुलीची आत्या फणकाऱ्यानं म्हणाली, "पोरगी बघायला आलात का मोडीत भांडी घ्यायला?" ते स्थळ तिथंच मोडलं, आणि पेठेत पुढं कितीतरी दिवस लोक विरुपाक्ष दिसला की हातातला पेला पालथा करून दाखवायचे. तोही हसायचा. शिवगंगेला मात्र हसू यायचं नाही. अशा मुलाचं पुढं कसं व्हायचं, या विचारानं तिचा जीव कातावून जायचा.

आणि मग त्याला हे काम मिळालं. हैदराबाद सरकारच्या तामीरात, म्हणजे बांधकाम खात्याचा गोरा साहेब गावाबाहेरच्या माळावर गोल्फ खेळायचा. हिरवळ कुठली तिथं, नुसता मुरूम आणि कुसळं. कमरेएवढ्या काठीनं चेंडू टोलवायचा आणि ऊन खात त्याच्यामागं चालत जायचं, याला लोक साहेबाचा विटीदांडू म्हणत. साहेबाची माणसं बंगल्यासाठी घंगाळ घ्यायला दुकानात आली, तेव्हा टांग्यातल्या पिशवीतून काठ्यांची लोखंडी पाती बाहेर आलेली विरुपाक्षनं बघितली. एकावर एक आपटून त्यांच्यावरच्या गिलिटाचे, पांढऱ्या मुलाम्याचे, टवके उडालेले. तो दुकानातून उठला, टांग्याशी गेला आणि न विचारता धोतराच्या सोग्यानं एक पातं पुसायला लागला. टांग्यात बसलेल्या साहेबानं ते पाहिलं, आणि पुढच्या जुम्म्यापासून, शुक्रवारच्या सुट्टीपासून, काठ्या विरुपाक्षच्या हाती आल्या.

त्या कामात तो रमला. प्रत्येक टोल्यानंतर पातं पुसायचं, कारण मुरुमाचा एखादा कण राहिला आणि त्यावरूनच फडकं फिरलं तर ओरखडा कायमचा. त्यासाठी बापाची जुनी मऊ धोतरं फाडून ठेवलेली. आधी करडईचं तेल लावून बघितलं, तर त्याचा चिकट थर बसून धूळ धरायला लागला. मग शिंप्याकडून शिलाईच्या यंत्राचं तेल आणलं. काठ्या टांग्यात एकमेकींवर आपटू नयेत म्हणून जुन्या सोलापुरी चादरीची टोपडी त्यानं आईकडून शिवून घेतली, एकेका पात्याला एकेक. टोपडी शिवताना शिवगंगेला वाटलं होतं, चला, मुलाचं कुठंतरी मन लागलं. त्या दिवसांत ती जरा स्वस्थ झोपली.

साहेबाची एक काठी फार लाडकी होती. सगळ्यात जुनी. सारखा चेंडू लागून तिच्या पात्यावर मध्यभागी रुपयाएवढी जागा झिजली होती. वरचं पांढरं गिलीट गेलेलं आणि खालून तांब्याचा थर डोकावत होता. उन्हाळ्यात थंड हवेला जाताना साहेबानं ती विरुपाक्षला मुद्दाम दाखवली आणि आपल्या दखनीत बजावलं, "इसकू कुछ नक्को करो. जैसा हय वैसाच रहने देव."

आता हे कुणाला सांगितलं? तर ज्यानं तांबूस डाग दिसला म्हणून मामाच्या घरचं पाणी ठेवून दिलं, त्याला. साहेबाला ती झीज म्हणजे त्याच्या हाताची खूण वाटत होती, चेंडू दरवेळी बरोबर तिथंच लागतो याचा अभिमान. विरुपाक्षला त्यात फक्त उडालेली कल्हई दिसली. पाहुणा चहा नको नको म्हणतो, तसं साहेब भिडेखातर बोलला, असं त्यानं धरलं. शिवाय लढाई चाललेली. विलायतेहून नवी काठी यायची नाही, तेव्हा आहे ती नीट करून ठेवली तर साहेब खूश होईल, हा हिशेबही होता.

दुकानासमोर कल्हईवाल्याची भट्टी लागली होती. दांडीला ओलं गोणपाट गुंडाळून विरुपाक्षनं पातं निखाऱ्यावर धरलं. नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसानं पुसून काढलं. चांदीसारखं लखलखलं. बापानं स्वतः हातात घेऊन चारचौघांना दाखवलं. लाकडाची दांडी पात्याच्या नळीत जिथं घट्ट बसवलेली होती, तिथं आत ती जळून कोळसा झाली आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. साहेब परत यायच्या बेताला विरुपाक्षनं काठी एकदा हवेत फिरवून बघितली, आणि पातं किणकिणलं. हातानं धरून हलवलं तर ते डुलत होतं.

तो सरळ बंगल्यावर जाऊन सांगायला निघाला होता. महालिंगप्पांनी त्याला उंबऱ्यातच अडवलं. मागच्या साली साहेबाचं घड्याळ हरवलं तेव्हा खानसाम्याला चौकीवर नेलं होतं, तो परत आला तेव्हा त्याला ताठ उभं राहता येत नव्हतं. घड्याळ पुढं गादीखाली सापडलं. ते डोळ्यांपुढं ठेवूनच महालिंगप्पांनी नळीत लाख ओतून पातं घट्ट बसवलं, वरून घासून बेमालूम केलं, आणि मुलाच्या गळ्यातलं लिंग त्याच्या तळहातावर ठेवून त्याच्याकडून शपथ घेतली, साहेबापाशी यातला चकार शब्द बोलणार नाही म्हणून. नाव विरुपाक्ष, रोज लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. त्या शपथेतून तो सुटणार नव्हता, हे बापाला पक्कं ठाऊक होतं.

साहेब काल रात्रीच आला. आज जुम्मा, सुट्टीचा दिवस. ऊन कलल्यावर तो मैदानावर जाणार होता आणि आधी ती लाडकी काठीच मागणार होता. सकाळी ताटावरून उठताना विरुपाक्ष खालच्या आवाजात म्हणाला होता, "अव्वा, पातं सुटलं तर पुढच्या अंगानं जाईल. तिकडं बाया शेण गोळा करायला येतात. मी त्यांच्या नि साहेबाच्या मधी उभा राहीन."

"आणि तुला लागलं तर?"

"मला म्हाईत असंल ना ते येणार म्हणून. मी चुकवीन."

म्हणाला आणि हात धुऊन निघून गेला. तिनं त्याला कितीदा लहानपणी चेंडू फेकला होता. त्याला कधी एक झेलता आला नव्हता, की चुकवता आला नव्हता.

दुपार होते न होते तोवर ती दुकानात गेली. महालिंगप्पा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला चरवी वाजवून दाखवत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती खांबाशी उभी राहिली. मग तिनं मुलगा काय बोलला ते सांगितलं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, पण लगेच ते चरवी पुसायला लागले.

"लाख बसली म्हणजे दगड झाला. तांब्याचे काठ मी लाखेनं बसवलेत, वर्षानुवर्षं हाललेले न्हाईत."

"तांब्या कुणी गरगरा फिरवून दगडावर हाणत नाही."

"तू कॉलेजात गेलीस, तुला बोलता येतं," ते म्हणाले. "मला फक्त खानसामा दिसतो. पोरगं चौकीवर गेलं तर तुझं इंग्रजी त्याला सोडवून आणणार का?"

तेही घाबरलेले होते, हे तिला दिसत होतं. चरवी आधीच लख्ख होती आणि ते पुसतच होते. ती पायऱ्या उतरली तेव्हा ते मागून म्हणाले की शपथ मोडली तर त्याला जन्मभर खात राहील, त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे. ठाऊक होता. शपथ मोडायला ती त्याला सांगणारही नव्हती.

घराकडं जायचं म्हणून ती निघाली, पण पाय पेठेतच घुटमळले. चौकी दिसत होती. दारात शिपाई खुर्ची टाकून पाय पसरून बसला होता. कुणाच्यातरी म्हशीनं त्याच्यासमोर रस्त्यात बैठक मारली होती आणि तो तिला बसल्या जागेवरून शिव्या घालत होता. शिवगंगा त्या दाराकडं पाहत थांबली. साहेब रागीट आहे की कसा, तिला काही माहीत नव्हतं. कदाचित हसेल. कदाचित खरंच शिपाई पाठवील. गप्प राहिलं तर कदाचित लाख टिकेल, काही होणार नाही, आणि मुलगा संध्याकाळी घरी येऊन उरलेली भाकरी मागेल. असंही होऊ शकत होतं. मग पुढच्या जुम्म्याला पुन्हा तो तिथंच जाऊन उभा राहील. त्याच्याही पुढच्या जुम्म्याला. पातं कधीतरी सुटणार, आणि ते सुटेपर्यंत तो मधून हलणार नाही.

ती टपालकचेरीकडं वळली. शांताक्का तिची मैत्रीण, तिचे यजमान तिथं कामाला. कचेरीमागं त्यांचं बिऱ्हाड होतं आणि सुट्टीच्या दिवशीही टेलिफोनपाशी ते असायचेच. शिवगंगा मागच्या दारानं आत गेली. शांताक्का शेवया वळत होती. हिचा चेहरा बघून ती काही न विचारता उठली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. शिवगंगेनं पाणी घेतलं नाही. साहेबाच्या बंगल्याला टेलिफोन लागतो का, एवढंच विचारलं.

"लागतो की. पण खानसामा घेतो, न्हाईतर शिपाई. तुला कोण पाहिजे?"

साहेबच पाहिजे होता. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर गोष्ट चौकीवर आधी गेली असती आणि मैदानावर नंतर. तिनं मनात वाक्यं जुळवायला घेतली. पुण्यानंतर इंग्रजी बोलायची वेळ आली नव्हती. ‘माझा मुलगा’ आलं, ‘चूक’ आलं, ‘धोका’ही आलं. कल्हईला मात्र शब्द सापडेना. साहेबाच्या मुलखात ताक कळकत असेल की नाही, कुणास ठाऊक. ते नंतर समजावता येईल, नाहीतर नाही येणार. ती काठी हातात घेऊ नका, तिचं डोकं सुटणार आहे, आणि मुलानं ती जाळली ती चांगलं करायला जाऊन, एवढं सांगितलं की झालं. शिक्षा करायचीच असेल तर मी इथं टपालकचेरीत उभी आहे, हेही सांगायचं तिनं ठरवलं.

बाहेर उन्हं भिंतीवरून उतरायला लागली होती. शांताक्काचे यजमान चष्मा कपाळावर चढवून दारात आले आणि काम घरचं आहे की सरकारी, असं विचारू लागले.

"घरचं आहे," शिवगंगा म्हणाली. "साहेब अजून निघाले नसतील. बंगला जोडून द्या."