काठोकाठ वाटी

कानिशायला कुणी मशीनबद्दल काही बोललेलं खपायचं नाही. मशीन म्हणजे बिश्केकमध्ये भाड्याने घेतलेला सर्व्हर. त्यावर तिने एकटीने सेवा उभी केली होती: खिंड उघडी की बंद, ते ट्रकवाल्यांना फोनवर कळवायचं. एरवी त्या सेवेकडे चिटपाखरू फिरकायचं नाही. बर्फ पडला की सगळे ड्रायव्हर एकदम तुटून पडायचे.

तिचा भागीदार उलान तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा आणि कानीकपाळी ओरडायचा, "एजे, सोड ना ते मशीन! कोड क्लाउडवाल्या कंपनीकडे ठेवू. कुणी विचारलं की जागा होईल, गर्दी वाढली की कंपनीच जास्तीची मशीनं जुंपेल. वापर तेवढं बिल."

"आणि जागं व्हायला वेळ लागला तर? गर्दीत बिल फुगलं तर? बिघडलं तर कुणाची मानगूट धरू? माझ्या मशीनची खोड न् खोड मला ठाऊक आहे."

"आणि तू नसशील तेव्हा?"

"मी कुठे मरायला चाललेय!"

बाई हट्टाला पेटली की संपलंच.

मग गावी सासऱ्यांना जाऊन वर्ष झाल्याचं जेवण आलं. धाकटी सून म्हणून चहा कानिशायनेच ओतायचा, समोवारापासून, म्हणजे चहाच्या बंबापासून, हलायचं नाही. नवरा माक्सात म्हाताऱ्या आत्याला ट्रकमध्ये घेऊन खिंडीपलीकडून निघाला होता. बैठक भरली आणि खिशातला फोन थरथरू लागला, थांबेचना. कानिशायने चोरून पाहिलं. मशीन बसलं होतं. खिंडीत बर्फ, सगळे एकदम विचारतायत, आणि उत्तर कुणालाच जात नाही. माक्सातलासुद्धा नाही.

हात चहा ओतत होते, जीव खिंडीत अडकलेला. कुळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या दुईशेनबाबांची वाटी पुढे आली, ती तिने काठोकाठ भरून दिली.

सगळ्यांच्या नजरा वाटीवर. आमच्याकडे पाहुण्याला अर्धीच वाटी द्यायची, संपली की पुन्हा अर्धी. काठोकाठ भरली म्हणजे प्या आणि चालते व्हा.

बाबा म्हणाले, "काय गं सूनबाई, घोड्यावर खोगीर घालायला सांगू?"

कुणीतरी फिसकन हसलं. सासूच्या चेहऱ्याकडे बघवेना. कानिशायने किटली खाली ठेवली. "माफ करा, बाबा. माक्सात खिंडीत आहे." आणि सगळ्यांदेखत उठून बाहेर पळाली.

अंगणात मटणाच्या कढयांशेजारी उभी राहून तिने फोनवरूनच मशीन सुरू केलं. पडलं. पुन्हा केलं, पुन्हा पडलं. शेवटी एकदाचं टिकलं आणि 'खिंड बंद' हा निरोप सगळीकडे गेला.

थोड्या वेळाने माक्सातचा फोन. "ट्रक वळवला गं. चढ लागलाच होता. आत्या शिव्या घालतेय, जेवण हुकलं म्हणून."

कानिशाय तिथेच बसून ढसाढसा रडली.

आत आली तर तिच्या जागेवर बसून सासू चहा ओतत होती.

"आपा," सासूला ती आई म्हणून हीच हाक मारायची, "चुकले मी."

"चुकलीसच. पण तू उठलीस तर चहा ओतायला मी होते. तुझ्या त्या मशीनपाशी कोण होतं?"

 उंबऱ्यातच कानिशायने उलानला फोन लावला. "खिंडीचा निरोप हलव कंपनीकडे. बिल फुगलं तर फुगू दे. जुन्या नोंदी आणि नकाशे राहतील माझ्या मशीनवर. ते पडले तर कुणी मरत नाही."

"एजे, खरंच?"

"तोंड कमी चालव. कामाला लाग."

मग सासूच्या हातून किटली घेऊन तिने दुईशेनबाबांसमोर दुसरी वाटी ठेवली. अर्धी.

"आता बसतो," बाबा म्हणाले.