ताकाची बादली

आकुर्डीला कारखाने यायच्या आधीची गोष्ट. देहूरोडच्या बाजारात आमच्या ओळखीचा एक दुकानदार जस्ती पत्र्याच्या बादल्या विकायचा. आधी बादलीवर बोटं वाजवायचा, कान देऊन ऐकायचा, मगच तोंड उघडायचा. "जस्त लई गुणाचं बगा. आधी सोता झिजतं, मग लोखंडाला गंज लागू देतं." हे त्यानं मला शंभरदा तरी ऐकवलं असेल.

बहिणीच्या लग्नाला त्याला आवर्जून बोलावलं होतं. पंगत बसली आणि यानं वाढप्याच्या हातातली ताकाची बादली हिसकावून थेट उकिरड्यावर ओतली. बादली त्याच्याच दुकानातली. सकाळपासून ताक तिच्यात आंबत होतं. भरल्या मांडवात आईनं त्याला नाही नाही ते सुनावलं.

"ह्यात पानी ठिवा, आई. आंबट न्हाई. आंबटानं जस्त उतरतं, पोटात इख व्हतं," एवढंच बोलून तो न जेवता निघून गेला.

संध्याकाळी आईनं बादली घासायला घेतली. ताक जिथवर होतं तिथवर आतली चकाकी उडाली होती. आई बराच वेळ तिथं बोट फिरवत राहिली.

"आपण सगळे सुखरूप जेवलो रे, तोच तेवढा उपाशी गेला. उद्या बोलाव त्याला जेवायला. ताक कल्हईच्या पातेल्यात केलंय म्हणावं."