मेंढक्याने सांगितलेला रोग

समस्त वडवणी तालुक्यास कळविण्यात येते की, मेंढ्यांमागे जन्म घालवलेल्या एका इसमाने डॉक्टरला रोग सांगण्याचा गंभीर गुन्हा केला असून भरल्या दवाखान्यात त्याचा यथोचित सत्कार करण्यात आला आहे.

तो इसम मी.

माझी लेक सात वर्षांची. सकाळी उठली की डोकं धरायची, ओकायची. दुपारी बरी. मान डावीकडे कलायची, चालताना त्याच अंगाला झोक जायचा. मेंढी अशी एकाच अंगाला गोल फिरायला लागली की आम्ही समजतो, डोक्यात गाठ झाली. कवटीवर अंगठा दाबून मऊ जागा शोधतो.

मी म्हणालो, "साहेब, पोरीच्या डोक्यात कायतरी वाढतंय. मेंढीला होतं तसं."

डॉक्टर खुर्चीत रेलला. "मेंढरं राखून डॉक्टर झालास का बे? पोरीला लोकर कधी येणार?"

बाकावरची माणसं हसली. मीही हसलो. वर म्हणालो, "दिवाळीच्या आत कातरू, साहेब." मी गावातला नामांकित विनोदी माणूस. जंताचं औषध घेऊन परत. असं तीनदा. तिन्ही वेळा मी सगळ्यांना हसवलं.

चौथ्यांदा पोर उभीच राहीना. मी टेबल धरलं. "डोक्याचा फोटो काढायची चिठ्ठी लिहा. त्याबिगर हलत न्हाई."

त्यानं चिठ्ठी लिहिली. फेकली. मी उचलली.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसायला खुर्ची दिली. मेंदूच्या मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ, आता पाठीच्या कण्यात उतरलेली. सकाळची उलटी, तोल जाणं, कललेली मान, सगळं त्या गाठीचंच. "आधी आला असतात, तर प्रयत्न तरी करता आला असता," त्या म्हणाल्या. मेंढीच्या बाबतीत मी इतका उशीर केला नसता.

लेक जाणार आहे. मला ठाऊक आहे. दर बाजाराच्या दिवशी मी त्याच दवाखान्यातल्या बाकावर बसतो. लेकरू घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ही लक्षणं सांगतो, चिठ्ठी मागायला लावतो. लेक गेल्यावरही बसणार. उठवून दाखवा.

असं बसलो त्या पहिल्याच दिवशी डॉक्टर बाहेर आला. "आता काय नाटक हाय तुझं?"

मी तोंड उघडायच्या आत, शेजारी बसलेली, परक्या पुरुषापुढं कधी ब्र न काढणारी माझी बायको बोलून गेली, "ह्ये हसले, तुमी हसलात. पोर माझ्या कडेवर ओकत हुती, मी हसले न्हवते. पोरीला काय हुतंय, ह्ये मला काहून न्हाई इचारलं?"