हमीदभाईंच्या सत्काराला

नागपूर सोडले तेव्हा उजाडायचे होते आणि मला चिंता होती ती फक्त साडीची. व्यासपीठावर बसायचे म्हणून सुनेने स्वतःची रेशमी साडी दिली होती. ती चुरगळू नये म्हणून मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि मी पुढे, गजाननच्या शेजारी बसले. गजानन आमच्या गल्लीतलाच, भाड्याने गाडी चालवणारा, कमी बोलणारा.

छत्रपती संभाजीनगरच्या (माझ्या तोंडी अजून औरंगाबादच येते) एका विज्ञानसंस्थेने आम्हा दोघांचा सत्कार ठरवला होता. वर्णपटविज्ञानात, म्हणजे प्रकाश फोडून त्यातल्या रेषांवरून पदार्थ ओळखण्याच्या शास्त्रात, जन्म घालवलेली दोन म्हातारी माणसे. एक मी आणि दुसरे हमीदभाई. याच शहरातल्या एका कॉलेजच्या काळोख्या खोलीत आम्ही कितीतरी वर्षे एकत्र काम केले होते. खिडक्यांना काळा कागद लावलेला, पंखा बंद, कारण वाऱ्याने पदार्थ जाळायच्या बर्नरची ज्योत हलायची. मे महिन्यात घाम पुसत हमीदभाई म्हणायचे, "कुमुदबाई, दम धरा, रेघ येतेय." भंगारातून आणलेली भिंगे वापरून त्यांनी बांधलेले उपकरण बघायला मुंबईहून माणसे आली होती.

पुढे यजमानांच्या बदलीमुळे मी नागपूरला गेले. ईदला माझा फोन, दिवाळीला त्यांचा, असे चालू राहिले. गेली दोनेक वर्षे मात्र फोन त्यांची मुलगी शबनमच उचलायची. अब्बा झोपलेत, अब्बा नमाजला गेलेत. कमी ऐकू येत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

समृद्धी महामार्गावर अंतर कापले जाते, पण कुठे गेल्यासारखे वाटत नाही. जालन्याला खाली उतरलो आणि मग मराठवाडा दिसायला लागला. मोसंबीच्या बागा, काढणीला आलेली तूर, कणसांनी वाकलेली ज्वारी आणि दर थोड्या अंतरावर हुरडा पार्टीच्या पाट्या. करमाडला चहासाठी थांबलो. टपरीवाल्याने कुठून आलात विचारले, नागपूर म्हणताच हसून, संत्र्यांचा गोडवा आहेच, साखर कमी टाकू का म्हणाला. तेवढ्यात शबनमचा फोन आला.

"आंटी, हॉटेलवर जाऊ नका. आधी घरी या," ती म्हणाली. "आणि जाधव सरांचा फोन आला तर अजून पोचले नाही म्हणा."

जाधव म्हणजे समारंभाचे संयोजक, हमीदभाईंचे जुने विद्यार्थी. पाचोडच्या शेतकरी घरातला मुलगा, आता स्वतःच प्राध्यापक. त्यांच्यापासून काय लपवायचे, असे मी विचारले. घरी या, एवढेच ती पुन्हा म्हणाली. चहा तसाच ठेवून मी उठले.

शेंद्र्याचे कारखाने, चिकलठाणा, मग जालना रोडवरचे उड्डाणपूल. एकेकाळी इथून सायकलवर गेलेली मी, एकही दुकान ओळखू शकले नाही. शहागंजमध्ये मात्र घड्याळाचा मनोरा जागच्या जागी होता आणि त्याच्याभोवती फळांचे गाडे, बांगड्या, चादरी, रिक्षा यांची तीच रेटारेटी. गाडी पुढे जाईना. गजाननला तिथेच थांबवून मी हमीदभाईंच्या गल्लीत शिरले.

दार हमीदभाईंनीच उघडले. पांढराशुभ्र कुर्ता, दाढी नीट कातरलेली, पूर्वीपेक्षा थोडे बारीक. मला इतके हायसे वाटले की मी दारातच हसले.

"आदाब. या, आत या," ते म्हणाले. मला खुर्ची दिली, पाणी मागवले, समोर बसले आणि अगदी अदबीने विचारले, "आपण कुठून आलात?"

मी नागपूर म्हटले. लांबचा प्रवास, असे म्हणून त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, आपण कुठून आलात. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी शबनमकडे पाहिले. ती स्वयंपाकघराच्या दारात ओढणीचे टोक मुठीत धरून उभी होती.

जेवायला नान-खलिया (मटणाचा पातळ, झणझणीत रस्सा) होता. मी मटण खात नाही हे लक्षात ठेवून शबनमने माझ्यासाठी खट्टी दाल (चिंचेच्या कोळातले वरण) केली होती. हमीदभाई ताटाकडे बघत बसून राहिले. शबनमने नानचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी खायला सुरुवात केली.

हमीदभाई पलंगावर आडवे झाल्यावर शबनम मला आतल्या खोलीत घेऊन गेली. दोन वर्षांपासून विसरणे वाढत चालले होते. आधी नावे गेली, मग रस्ते, आता माणसे. अम्मी गेल्याचेही त्यांना आठवत नाही, रोज विचारतात. दुबईतल्या भावाने सत्कार रद्द करायला सांगितला होता. तिने ऐकले नाही. जाधवांना तिने काहीच कळवले नव्हते आणि कार्यक्रमपत्रिकेत हमीदभाईंचे भाषण छापून आले होते.

मी चिडले. भरल्या सभागृहात त्यांना माइकसमोर उभे करायचे आणि मग काय, असे मी तिला विचारले. आवाज चढू न देता बोलायचा माझा प्रयत्न फसला.

"पुढच्या वर्षी अब्बा नसतील, आंटी," ती म्हणाली. "म्हणजे असतील, पण नसतील. लोकांना एकदा कळलं ना, की ते त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलतात. लहान पोरासारखं. मला ते नक्को. एक दिवस त्यांना सर म्हणून बसू द्या."

तिला वाटत होते, तब्येतीचे कारण सांगून त्यांच्या वतीने मीच बोलावे आणि कुणाला काही कळू देऊ नये. मी वचन दिले नाही. विचार करते, एवढेच म्हणाले. ती शेरवानीला इस्त्री करायला वर गेली.

गजानन साडी आणि बॅग आत ठेवून गेला. मी साडी बदलायला आत गेले. बाहेर आले तेव्हा पलंग रिकामा होता आणि रस्त्याकडचे दार उघडे.

शबनम अनवाणीच खाली धावली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, अशा आम्ही गल्लीत पांगलो. रेशमी साडीचा घोळ हातात धरून मी चादरीवाल्यांना विचारत सुटले. सर्वांना सर ठाऊक होते. एकजण म्हणाला, अब्बीच (आत्ताच) गेले, हौ, मनोऱ्याकडे. दुसऱ्याने उलट दिशा दाखवली. रस्त्यावरून बस गेली, तिच्यामागे ट्रॅक्टर, आणि प्रत्येक चाकाकडे माझे लक्ष जायला लागले. गजानन गाडीपाशी नव्हता, तोही शोधायला निघाला होता. उन्हे कलायला लागली होती. समारंभाची वेळ जवळ येत होती, पण त्या क्षणी मला तो समारंभ कधी नव्हताच असे वाटले.

रिक्षा-स्टँडवर ते सापडले. एका उभ्या रिक्षात मागे ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. रिक्षावाला बाहेर दांडीला टेकून उभा होता, चाळिशीचा, खाकी शर्टातला.

"ह्ये तुमचे का?" त्याने विचारले. "कालिजात चला म्हणत्यात. लॅबमदी पोरं थांबलीत म्हणं. ती बिल्डिंग पाडून लई वर्षं झाली, बाई. म्या म्हणलं बसा, पेट्रोल येऊ द्या, मंग निघू. कुणीतरी हुडकीत येईलच की."

त्याचे हात धरावेसे वाटले. मी हमीदभाईंना उतरा म्हटले, तर त्यांनी मनगटावरचे घड्याळ दाखवले. प्रॅक्टिकलला उशीर होतोय, आणि मी कोण म्हणून त्यांना अडवते आहे, असे त्यांनी विचारले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी कडक बोलले. शबनम येईपर्यंत त्यांनी रिक्षा सोडली नाही. तिने काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, पण ते तिच्या खांद्याला धरून उतरले.

घरी आल्यावर मी शबनमसमोरच जाधवांना फोन लावला. तिने माझ्याकडे असे पाहिले की मला नजर वळवावी लागली. मी सगळे सांगितले.

"मॅडम, मला माहीत आहे," जाधव म्हणाले. "मागच्या वर्षी आलो होतो घरी, शबनम बाहेर गेली होती. सरांनी मला विचारलं, आपण कुठले. बाहेर येऊन गाडीत रडलो."

मग भाषण का छापले, असे मी विचारले. न छापले असते तर लोकांनी कारण विचारले असते आणि आपल्याला ते आपल्या तोंडून सांगायचे नव्हते, असे ते म्हणाले. शबनमही नको म्हणत नव्हती, म्हणून त्यांना वाटले तिनेच काही ठरवले असेल. दोघेही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते. शेवटी असे ठरले, की सरांनी फक्त बसायचे आणि त्यांच्याविषयी मी बोलायचे. शबनमला मी तसे सांगितले. तिने शेरवानी उचलली आणि ती वडिलांकडे गेली. सभागृहापर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

सभागृह भरले होते. पहिल्या रांगांत पांढऱ्या केसांचे जुने विद्यार्थी, मागे कॉलेजची मुले. व्यासपीठावर मागे मोठा फ्लेक्स लावलेला, त्यावर आमचे फोटो आणि सजावटीसाठी वर्णपटाचा रंगीत पट्टा, खाली मूलद्रव्यांची नावे. शाल, श्रीफळ, मानपत्र झाले. हमीदभाईंनी शाल फार रुबाबात घेतली. टाळ्या थांबेनात, तेव्हा त्यांनी हात कपाळाशी नेला. शबनम कडेच्या पायरीपाशी उभी होती, एक पाय वर ठेवून.

मी बोलायला उभी राहिले. काय बोलले ते आज सांगता येणार नाही, कारण माझे कान मागे होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लोकांच्या नजरा माझ्यावरून उडून मागे गेल्या. हमीदभाई उठले होते. माइककडे न येता ते सरळ फ्लेक्सपाशी गेले आणि त्यांनी वर्णपटातल्या एका रेषेवर बोट ठेवले. मागे कुणीतरी मुलगा हसला.

"हे कुणी काढलं?" त्यांनी विचारले. माइक नसूनही आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "सोडियम हिरव्यात नसतं. सोडियम पिवळ्यात. आणि ही रेघ एक दिसती, पण दोन हायेत."

मी पट्ट्याकडे पाहिले. सोडियमची रेषा खरोखरच हिरव्या रंगात ओढलेली होती. आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

ते सभागृहाकडे वळले, पुढचे वाक्य बोलायला तोंड उघडले आणि थांबले. चेहऱ्यावरचा उजेड निघून गेला. त्यांनी लोकांकडे पाहिले, अंगावरच्या शालीकडे पाहिले, तिचे टोक चाचपले. मी त्यांच्याजवळ गेले आणि तोंडी परीक्षेत विचारतात तसे विचारले, "सर, त्या दोन रेघांमधलं अंतर किती?"

"सहा अँगस्ट्रॉम," ते तत्काळ म्हणाले. प्रकाशलहरींच्या त्या मापात उत्तर अचूक होते. मग माझ्याकडे वळून, हळूच, "मी इथं कशासाठी उभा आहे?"

शबनम पायऱ्या चढून वर आली. तिने वडिलांचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने माइक ओढून घेतला.

"माझ्या वडिलांना आता आठवत नाही," ती म्हणाली. "तुमची नावं नाही, माझंही रोज नाही. मी हे लपवून ठेवलं होतं. आता लपवणार नाही. तुम्ही त्यांना भेटा, पण ओळखलं का असं विचारू नका. आपलं नाव सांगा आणि बसा त्यांच्याजवळ."

टाळ्या वाजल्या नाहीत. जाधव पहिले पुढे आले, हमीदभाईंच्या समोर उभे राहून त्यांनी नाव आणि गाव सांगितले. मग दुसरा, मग तिसरी. व्यासपीठावर रांग लागली. हमीदभाई खुर्चीवर बसून एकेकाचे नाव लक्ष देऊन ऐकत होते आणि प्रत्येकाला बसा म्हणत होते. शबनम माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तिने माझ्या खांद्यावर डोके ठेवले. ती अजून रागावलेली होती की नाही, ते मी विचारले नाही.

रात्री हॉटेलवर राहून दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी हमीदभाईंच्या घरी गेले. जाधव आणि आणखी दोघे आधीच येऊन बसले होते, आठवड्यात कोणी कधी यायचे ते ठरवत होते. शबनम रात्री नीट झोपली होती, तोंडावरून कळत होते. तिने वाटेत खायला नान बांधून दिले.

हमीदभाई मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले. गजाननने गाडीचे दार उघडले. ते खिडकीशी वाकले आणि नेहमीच्याच अदबीने म्हणाले, "पुन्हा या. आमच्या कुमुदबाई येतात अधूनमधून. त्या आल्या की तुम्ही येऊन गेलात म्हणून सांगतो."

"सांगा," मी म्हटले. "तिला बरं वाटेल."

गाडी हलली. मी त्यांच्यासमोर बसून आले होते आणि त्यांनी मला ओळखले नव्हते. तरी त्यांच्या घरी कुमुदबाईंची वाट बघणे चालू होते. एवढ्या वर्षांच्या कामाचे काय उरते, असे समारंभात एका मुलीने मला विचारले होते आणि मी मोठमोठे काहीतरी बोलून गेले होते. आता विचारले असते तर सांगितले असते, की आपण त्या काळोख्या खोलीत शेजारी शेजारी बसलो होतो, ते कुठेतरी कुणाच्या आत राहते. त्याला आपले नाव सांगता आले नाही तरी राहते. बदनापूरच्या पुढे कुठेतरी मी गजाननला गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि मोसंबीच्या बागेपाशी उतरून, कुणी बघत नाही असे पाहून, मनसोक्त रडून घेतले.