झेरॉक्सची खंडेनवमी

“खाय, अजून खाय! सकाळधरनं कागदामागं कागद गिळती, तरी तुझं पोट भरंना व्हय गं? दुष्काळातून आली काय? सोड म्हणते ना, सोड!”

“म्या काय धरलंय, ताई?” चहाची किटली घेऊन आलेला शिपाई बारकू दारातच थबकला.

“तुमाला नाय वो बारकूभाऊ, हिला बोलती.” साधनानं झेरॉक्स मशीनच्या फटीतून चुरगळलेला कागद ओढून काढला. “आन् चहा आणला का नुसती किटली मिरवायला आणली?”

सातपूरच्या एमआयडीसीत पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना होता. त्याच्या ऑफिसात साधना सहायक होती. सहायक म्हणजे काय, तर ज्या कामाला दुसरा धनी नाही ते काम हिचं. टायपिंग हिचं, फोन हिचा, साहेबांची बेल हिची. साहेब ‘अर्जंट, अर्जंट’ करून पत्र टाइप करून घ्यायचे आणि सही न करताच जेवायला निघून जायचे. टेबलावर पेन ठेवलं की पाठ फिरायच्या आत ते गायब. त्यातून कुणीतरी पोराची मार्कशीट घेऊन यायचंच. “ताई, एकच कॉपी द्या,” म्हणायचं आणि गठ्ठा घेऊन जायचं.

दुसरी एखादी असती तर रडली असती, नाहीतर भांडली तरी असती. साधना पडली चांदवडकडच्या खेड्यातली. तिच्या माहेरी चंद्री नावाची एक लाथाड म्हैस होती. आई धार काढायला बसली की सासूचा, जावेचा, नवऱ्याचा, सगळा राग त्या म्हशीला ऐकवायची. म्हैस रवंथ करत ऐकायची, दूध द्यायची, आणि आई हलकी होऊन घरात यायची. आता ऑफिसात म्हैस कुठून आणायची? साधनानं झेरॉक्स मशीन धरली. साहेब खेकसले की ही मशीनपाशी जायची, झाकण उचलायची आणि आत तोंड घालून सांगायची, “बघ गं बाई, सोताचा चष्मा सोताच्या डोक्यावर, आन् वेंधळी म्हणत्यात मला.” मशीन घरघरायची, हिरवा उजेड इकडून तिकडं फिरवायची. तेवढ्यात साधनाचा राग उतरलेला असायचा.

पण त्या मशीनला यंदा बंदी लागली होती. म्हणजे मशीनला नाही, तिच्या पूजेला.

झालं होतं असं. नव्वद-ब्याण्णवपासूनची जुनी मशीन गेल्या खंडेनवमीला मेली. कारखान्यात प्रेसला, कटरला झेंडूच्या माळा पडल्या, मग ऑफिसनं मागं का राहावं? कुणीतरी हौसेनं मशीनवरच नारळ फोडला. पाणी आत गेलं आणि धूर बाहेर आला. नवी मशीन मुंबईच्या हेड ऑफिसातून काढता काढता पाटणकर साहेबांच्या नाकी नऊ आले. म्हणून यंदा त्यांनी सगळ्यांना केबिनसमोर उभं करून सांगितलं होतं, “टेबलाची पूजा करा, झाडूची करा. वाटलं तर माझी करा. पण झेरॉक्सला कुंकवाचं बोट जरी लागलं, तर लावणाऱ्याची बदली अंबडच्या गोडाऊनला!”

गोडाऊन म्हणजे डब्यांच्या थप्प्या आणि राखणीला एक ठार बहिरा वॉचमन. तिथं ना फोन, ना येणारं-जाणारं. जिला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही तिला ते काळं पाणीच.

तरी खंडेनवमीच्या संध्याकाळी साधनाचा पाय काही निघेना. तिचा बाप विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरलासुद्धा फूल ठेवायचा. आणि वर्षभर आपलं सगळं ऐकून घेणारी ही, हिचंच कपाळ मोकळं? तिनं इकडं तिकडं पाहिलं, मशीनला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि वर एक झेंडू ठेवला. “कुनाला सांगू नको हां,” म्हणाली आणि घरी गेली.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर सकाळी येऊन पाहते तो कुंकू जागेवर, पण झेंडू गायब. कुंकू तिनं पदरानं पुसलं. झेंडू मात्र आतच गेला असणार, कारण मशीन कागद खात सुटली होती. आणि दुपारी मुंबईची माणसं यायची होती.

शेवटी साहेबांनी शालिमार चौकातल्या भारत नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं मशीनचं पोट उघडलं, तशी सगळी भोवती जमली.

भारतनं चिमट्यानं चपटा झालेला झेंडू बाहेर काढला. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

“हे कुणाचं?”

आता आपण गप्प बसलो तर बिचाऱ्या बारकूवर येणार, हे साधनाला दिसत होतं.

“माझं हाय, साहेब,” ती म्हणाली. “म्या ठेवलं.”

“वाटलंच मला! उद्यापासून अंबडला—”

“थांबा साहेब,” भारत आतूनच बोलला. “आजून हाय.”

चिमट्यातून निघालं आपट्याचं पान. सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिस उघडणारा बारकू एकाएकी किटली पुसायला लागला.

“समद्यांना सोनं दिलं साहेब,” तो पुटपुटला. “मंग तिनंच काय पाप केलंय?”

साहेब त्याच्यावर ओरडणार, तोच भारतनं रोलर फिरवला आणि खाली अक्षता सांडल्या. हिशेब बघणारे रंगनाथराव छताच्या पंख्याकडं बघू लागले.

“रंगनाथराव, तुम्हीसुद्धा?”

“घरच्यांनी पुडी करून दिली होती. म्हटलं, घरी परत कशाला न्यायची...”

“लगीन लावलं का काय मशीनचं?” साधना हळूच म्हणाली. बारकूला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

“हे बघा,” भारत म्हणाला, “फूल, पान, तांदूळ हे समदं किरकोळ. कागद अडकतोय तो ह्याच्यानं. रोलरला निवद कुणी दाखवला?”

त्याच्या तळहातावर खडीसाखरेचा चिकट खडा होता आणि खड्याला मुंग्या लागल्या होत्या. साहेबांना जुनाट खोकला. खडीसाखरेची डबी अख्ख्या ऑफिसात एकाच खिशात असायची.

साहेबांना नेमका तेव्हाच ठसका लागला, सवयीनं हात खिशातल्या डबीकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला.

“आमच्या आईनं सांगितलं होतं,” साहेब चष्मा पुसत म्हणाले. “नवी वस्तू आहे, काहीतरी गोड ठेव. मी म्हटलं, बाकी कुणी करणार नाहीच, निदान आपण...”

“मंग साहेब, अंबडला समदेच जायचं का?” साधनानं विचारलं. “टेंपो सांगू?”

रंगनाथराव आधी हसले, मग भारत. मग साहेबही हसता हसता खोकायला लागले.

“गोडाऊनचं राहू द्या,” ते केबिनकडं वळत म्हणाले. “पुढच्या वर्षी पूजा सगळ्यांनी मिळून करायची, आणि वर प्लॅस्टिक टाकून. साधना, कागद अर्जंट आहेत.”

“व्हय साहेब. आन् सही?”

“करतो, करतो. पेन कुठंय?”

“तुमच्या कानावर.”

भारतनं झाकण लावलं. साधनानं गठ्ठा ठोकून सरळ केला, मशीनमध्ये घातला आणि वर वाकून बोलली, “धन्य हायस बाई तू. समद्यांचं गिळून बसली, एकाचं तरी नाव सांगितलं का? चल, आता काढ मुकाट्यानं.”

मशीन घरघरली. एक कागद सरळ बाहेर आला, त्याच्यामागं दुसरा आला. केबिनमधली बेल वाजली.

“आले, आले!” साधना ओरडली आणि जागची न हलता कागद मोजत राहिली.